मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी

(१९९५ सालच्या दहावीच्या बॅचच्या मेहकर येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. वेळेअभावी बोलायच्या राहिलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून देताना घातल्या आहेत.)

व्यासपीठावर बसलेले आणि व्यासपीठावर बसायला नकार देऊन पहिल्या रांगेत बसलेले सगळे सर, बाई, आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

समितीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं होतं, भाषण नको, मी आपला जेवणाच्या वेळी वाढायला उभा राहतो. त्यावर समितीतला आपला मित्र म्हणाला, "वाढायला माणसं हायेत बापा. तू मुलाखतीचं सांग. आमचे पोट्टे आता त्याच लायनीत उभे हायेत." तीस वर्षं झाली आपल्याला दहावी होऊन. तेव्हा आपण नोकरीच्या लायनीत होतो, आता आपली मुलं आहेत. म्हणून आज शाळेच्या आठवणी थोड्या आणि मुलाखतींच्या जास्त.

मी आजवर अकरा मुलाखती दिल्या, त्यातल्या आठ ठिकाणी घरी पाठवलं. घेतल्या किती याचा हिशोब ठेवला नाही, पण पाच-सहाशे तरी भरतील. तेव्हा नापास होण्याचाही अनुभव आहे आणि नापास करण्याचाही. दुसरा जास्त जड आहे, त्याच्याकडे मी नंतर येतो.

आपण इंग्रजीची एबीसीडी पाचवीत गिरवली. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं, तोवर आपण शाळा सोडून पाच वर्षं झाली होती. गणित, विज्ञान सगळं मराठीत. एकरूप त्रिकोण, चक्रवाढ व्याज, लसावि, मसावि. पुढे कंपन्यांच्या लेखी परीक्षेत एलसीएम दिसला की माझ्या डोक्यात आधी लसावि उमटायचा आणि मगच हात चालायचा. त्यात अर्धा मिनिट जायचा. पन्नास प्रश्नांना असे अर्धे मिनिट जोडून बघा!

बारावीनंतर शेगावच्या गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्सला नंबर लागला. घाटावरचा पोरगा घाटाखाली गेला, पहिला उन्हाळा कसा काढला ते मलाच माहीत. तिथे आमच्या पुढच्या वर्षांच्या मुलांची चंगळ आम्ही डोळ्यांनी पाहिली. जुन्या प्रोग्रामांत साल दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं, त्यामुळे २००० साल उजाडताना सगळा कारभार कोलमडेल, ही भीती जगभर होती. त्या वायटूकेच्या कामाला अमेरिकेतल्या कंपन्यांना भारतातून माणसं हवी होती. सिव्हिल असो, मेकॅनिकल असो, ज्याला दोन ओळी लिहिता येतील तो सॉफ्टवेअरमध्ये गेला. आम्हाला वाटलं, आपली पाळी आली की आपणही गेलो.

आमची पाळी आली २००१ मध्ये. २००० च्या मार्चनंतर अमेरिकेत डॉटकॉमचा फुगा फुटायला लागला होता, हे शेगावात बसून आम्हाला काय कळणार? कॅम्पसला एक कंपनी येऊन गेली. माझ्या दोन मित्रांना ऑफर लेटर मिळालं. घरी पेढे वाटले, आणि मग "रुजू होण्याची तारीख कळवू" असं पत्र आलं. ती तारीख कधी आलीच नाही. मला तर ऑफरही नव्हती. लेखी परीक्षेत पास, मुलाखतीत नापास. सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि भरतीचं उरलंसुरलं दारही लागलं.

मी त्याआधी महिनाभर पुण्याला पोहोचलो होतो. रात्रीची एसटी, सिंदखेडराजा, जालना, औरंगाबाद, नगर, आणि सकाळी शिवाजीनगर. पुण्यात १९८१ साली सात जणांनी दहा हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू केली, ही गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. आमच्या खोलीत पाच जण आणि पाचांत मिळून दहा हजार कधीच नव्हते.

त्या खोलीबद्दल सांगितलंच पाहिजे. चौघं आपल्या जिल्ह्यातले, एक वाशीमचा. कॉट बेसिसवर. पाचांत टाय एक. दुकानदारानं विकताना गाठ मारून दिली होती, आणि ती कुणी सोडायची नाही हा खोलीचा कायदा होता, कारण परत बांधता कुणालाच येत नव्हती. सैल करून गळ्यातून काढायचा आणि खिळ्याला टांगायचा. एकाच दिवशी दोघांची मुलाखत आली की चिठ्ठी टाकायची. पुस्तकंही सामाईक. आर. एस. अग्रवालांचं अंकगणिताचं, शकुंतलादेवींचं कोड्यांचं, कारण मोठ्या कंपन्या त्यातलीच कोडी विचारतात असा बोलबाला होता, आणि यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. बाई हसताहेत; नाही बाई, नाटककार कानेटकर वेगळे. हे यशवंत कानेटकर नागपूरचे. ते कळल्यावर आम्हाला उगाचच आधार वाटला होता. आपल्या विदर्भातला माणूस अख्ख्या देशाला सी भाषा शिकवतो म्हणजे आपल्यालाही जमेल.

दर बुधवारी टाइम्सची 'असेंट' ही नोकऱ्यांची पुरवणी यायची. एकच अंक घ्यायचो. "वॉक-इन" असं लिहिलेल्या चौकटीवर खूण करायची, फाइलीत बायोडाटाच्या वीस झेरॉक्स घालायच्या आणि निघायचं. फाटकाबाहेर चारशे मुलं आणि आत जागा सहा, हे नेहमीचं. बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, तिन्हीकडे साठ टक्के लागायचे. आमच्या खोलीतल्या एकाला बारावीला ५९ होते. तो मुलगा आम्हा सगळ्यांत हुशार होता. फाटकावरचा माणूस त्याची गुणपत्रिका बघायचा आणि बोटानं बाहेरची दिशा दाखवायचा. त्या एका टक्क्यानं त्याचं सगळं वर्ष खाल्लं.

मुलाखतीचा पहिला प्रश्न ठरलेला. "टेल मी अबाउट युवरसेल्फ." त्याचं उत्तर आम्ही पाठ केलं होतं, अगदी प्रतिज्ञेसारखं. नाव, गाव, मध्यमवर्गीय कुटुंब, छंद वाचन. एका दमात म्हणायचं. ते संपलं की खोलीत जी शांतता पसरायची तिच्यात मी आठ वेळा बुडालो. एका ठिकाणी साहेबांनी विचारलं, "वाचन छंद आहे, मग सध्या काय वाचता?" मी म्हणालो, "असेंट." तो विनोद समजून हसला. मी खरंच सांगत होतो.

दुसरा प्रश्न यायचा, "बुलढाणा? व्हेअर इज दॅट?" आणि मी सांगायचो, "नियर औरंगाबाद, सर." औरंगाबाद आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. पंचवीसेक किलोमीटरवर लोणार आहे, उल्का पडून झालेलं सरोवर, ज्याचा अभ्यास करायला जगभरातून शास्त्रज्ञ येतात. आठवीत आपण तिथे सायकलींनी गेलो होतो. पण मी कधी "नियर लोणार" म्हटलं नाही. आणि फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला की लिहायचो, "बिझनेस". माझे वडील इथल्या बाजार समितीत मापारी होते हे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरचं सोयाबीन आणि तूर त्यांनी मोजली आहे. ते २०१९ मध्ये गेले. ही फॉर्मची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

मुलींच्या वाट्याला वेगळे प्रश्न यायचे. आपल्या वर्गातली एक मैत्रीण, नाव सांगू नको म्हणाली आहे, तिनंही तेव्हा पुण्यात कंपन्यांचे उंबरे झिजवले. तिला एका ठिकाणी सीमधला एकही प्रश्न न विचारता विचारलं, लग्न कधी करणार? नंतर नोकरी सोडणार का? ती म्हणाली, "सर, बाहेर बसलेल्या मुलांना पण विचारताय ना हे?" ती नोकरी गेली. ही बाई आज चाळीस माणसांची टीम सांभाळते आणि आत्ता तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारते आहे.

डिसेंबरपर्यंत पैसे संपले. तेव्हा एक 'कन्सल्टंट' भेटला. तीस हजार द्या, दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र देतो, कंपनीच्या शिक्क्यासह. आमच्या ओळखीतल्या दोघांनी घेतलंही. मी रात्रभर जागा होतो. माझं चारित्र्य फार थोर होतं म्हणून नाही, तीस हजार मागायचे कुणाला हे सुचलं नाही म्हणून मी वाचलो. घेतलेल्यांपैकी एकजण नोकरीला लागला आणि चार महिन्यांत पकडला गेला. आज तर हा उद्योग आणखी लवकर उघडा पडतो, कारण पीएफच्या यूएएन नंबरवरून कोण कुठे किती दिवस होता हे कंपन्या पडताळून बघतात. आईबापांनो, एवढं लक्षात ठेवा: मुलाखतीसाठी, नोंदणीसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी जो पैसे मागतो तो कंपनीचा माणूस नव्हे. मागच्या वर्षी आपल्याच एका मित्राच्या मुलीला असं बनावट ऑफर लेटर आलं होतं. तिनं पैसे भरण्याआधी मला फोन केला, म्हणून वाचली.

आता फेब्रुवारी २००२. कर्वे रोडवर तिसऱ्या मजल्यावरची एक लहानशी कंपनी, तीसेक माणसं. टाय त्या दिवशी वाशीमच्या मित्राकडे गेला होता, मी तसाच गेलो. समोर पन्नाशीचे एक गृहस्थ. त्यांनी विचारलं, पॉइंटर म्हणजे काय? मी कानेटकरांची व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. ते म्हणाले, "हे पुस्तकाचं झालं," आणि पुढे सरकले. मी समजलो, नववी जागा गेली.

मग त्यांनी कागदावर आठ गोल काढले. आठ गोळे आहेत. दिसायला सारखे, पण एक बाकीच्यांपेक्षा जड. दोन पारड्यांचा तराजू आहे, वजनं नाहीत. जड गोळा शोधायला तराजू कमीत कमी किती वेळा वापरावा लागेल? मी लगेच म्हटलं, तीन. चार-चार ठेवायचे, जड बाजूचे दोन-दोन, मग एक-एक. ते म्हणाले, "त्यापेक्षा कमीत होतं." आणि मी गप्प झालो.

गप्प म्हणजे आपल्याकडची पोरं होतात तसा. मान खाली, नजर टेबलाच्या कडेवर. डोक्यात चाक फिरत होतं, पण बाहेरून बघणाऱ्याला दगड दिसत असणार. एक-दोन मिनिटं गेली असतील. मग ते मराठीत म्हणाले, "अरे, काय चाललंय डोक्यात? मोठ्यानं विचार कर. मराठीत कर, मला कळतं."

सर, तुम्ही समोर आहात म्हणून नाव घेत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण त्या क्षणी मला आठवीचा वर्ग दिसला. फळ्यापाशी उभं करून तुम्ही खडू द्यायचे आणि म्हणायचे, "उत्तर लिहू नको. वाट सांग. चुकली तरी चालंल, पण मागच्या बाकावर ऐकू आली पाहिजे." आम्हाला ती शिक्षा वाटायची. उत्तर येणारी पोरंसुद्धा तुमच्या तासाला बोट वर करायला घाबरायची, कारण उत्तर आलं तरी सुटका नव्हती. तुम्ही आम्हाला नेमकं काय शिकवत होता हे मला सात वर्षांनी कर्वे रोडच्या तिसऱ्या मजल्यावर कळलं.

मी बोलायला लागलो. म्हटलं, चार-चार ठेवले तर एक बाजू खाली जाणारच. म्हणजे तराजूनं मला दोनातलं एक सांगितलं, डावं का उजवं. पण तराजू तिसरंही सांगू शकतो. काटा मधोमध राहिला तर? ते सांगायची संधी मी त्याला देतच नाहीये. मग सगळे गोळे कशाला ठेवायचे, काही बाहेर ठेवू. तीन इकडे, तीन तिकडे, दोन बाहेर. काटा मध्ये राहिला तर जड गोळा बाहेरच्या दोघांत, दुसऱ्या वेळी त्यांनाच एकमेकांसमोर ठेवायचं. एक बाजू खाली गेली तर त्या तिघांतले दोन ठेवायचे. एक खाली गेला तर तो, आणि काटा मधोमध राहिला तर जो बाहेर राहिला तो. दोनदाच.

ते म्हणाले, "ते तिसरं उत्तर कुठून सुचलं तुला?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील मापारी आहेत." माल चढवण्याआधी वडील रिकामी पारडी स्थिर होऊ द्यायचे. शेतकरी घाई करायचा, व्यापारी घाई करायचा, पण काटा मधोमध थांबेपर्यंत ते पोत्याला हात लावू द्यायचे नाहीत. लहानपणी शनिवारची शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायचो.

त्यांनी माझा फॉर्म उचलला. "मग इथे बिझनेस काय लिहिलंस?" मी काही बोललो नाही. त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. मी 'बिझनेस' खोडून 'मापारी' लिहिलं. ते इंग्रजीत कसं लिहायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून देवनागरीतच लिहिलं.

पुढची पंधरा-वीस मिनिटं त्यांनी मला फक्त बाजार समितीबद्दल विचारलं. लिलाव कसा होतो, माप कधी होतं, हमाली कोण देतं, तोलाई कोण देतं, अडत म्हणजे काय, पावती किती जणांना जाते. मी सुटलोच. शेवटी म्हणाले, "या सगळ्याचा प्रोग्राम लिहायचा आहे. मापाऱ्याला आधी काय विचारशील?" मी म्हटलं, "माप चुकलं अशी तक्रार आली तर कुणाचं खरं धरायचं, ते आधी विचारीन. बाकीचं सोपं आहे. भांडण तिथेच होतं." त्यांनी फाइल मिटली.

पगार साडेसहा हजार. दोन वर्षांचा बाँड, आणि मूळ गुणपत्रिका त्यांच्या कपाटात. लहान कंपन्यांत तेव्हा हे चालायचं. चूकच होतं ते, आज कुणी मागितल्या तर देऊ नका. पण तेव्हा मी आनंदानं दिल्या. एसटीडीवरून शेजारच्या दुकानात फोन लावला, वडिलांना बोलावून घेतलं. साडेसहा हजार ऐकून ते म्हणाले, "महिन्याचे का वर्षाचे?"

आता टेबलाची दुसरी बाजू.

मी कंपनी बदलली, मोठ्या ठिकाणी गेलो. २००८ च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली, भरती थांबली, आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा मला पॅनेलवर बसवलं. बाहेरून वाटतं आत फार गहन काही चालतं. तसं नसतं. एका दिवसात वीसेक मुलं, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. एक फॉर्म: तांत्रिक ज्ञान, विचार करण्याची पद्धत, संभाषण, वृत्ती, प्रत्येकाला पाचपैकी गुण. दुपारी जेवण झालं की पॅनेलला झोप येते. चार वाजता आत येणाऱ्या मुलाला सकाळी दहाच्या मुलाइतका न्याय मिळत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

२०१४ साल. एका कॉलेजात भरती, चार वाजून गेलेले. माझ्या शेजारी बेंगळुरूहून आलेले एक मॅनेजर. एक मुलगा आत आला. कागदावर त्याला दोन प्रोग्राम लिहायला दिले होते, दोन्ही बरोबर. एक तर मी लिहिला असता त्यापेक्षा बरा होता. मी गाव विचारलं. तो म्हणाला, "नियर औरंगाबाद, सर."

मला हसू यायला हवं होतं. मला राग आला. का आला ते मला बरेच दिवस कळलं नाही. मी विचारलं, "एक्झॅक्टली व्हेअर?" तो हळूच म्हणाला, "मेहकर." तेव्हा मी एवढं म्हणायला हवं होतं की अरे, मीही तिथलाच. पण शेजारी मॅनेजर. त्याला वाटेल हा आपल्या गावचा पोरगा भरतोय. म्हणून मी उलटं केलं. इतरांना विचारत नव्हतो असा एक अवघड प्रश्न त्याला विचारला, इंग्रजीत, भरभर. तो गप्प झाला. मान खाली, नजर टेबलाच्या कडेवर.

ती शांतता ओळखणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. तिच्यावरचं वाक्यही माझ्याकडे होतं. मोठ्यानं विचार कर, मराठीत कर. बारा वर्षांपूर्वी मला कुणीतरी दिलेलं. मी ते उच्चारलं नाही. घड्याळाकडे पाहिलं, संभाषणाच्या चौकटीत दोन गुण लिहिले आणि "थँक यू" म्हटलं. तो उठताना खुर्ची आवाज न करता आत सरकवून गेला. आपल्या शाळेत शिकवतात तशी.

रात्री हॉटेलवर बायोडाटा लावत होतो. त्याचा हातात आला. दहावी, साल, टक्के, आणि शाळेचं नाव. हीच शाळा.

यादी दुसऱ्या दिवशी जाणार होती. एक फोन केला असता तर त्याची पुन्हा मुलाखत झाली असती, तशी सोय होती. मी केला नाही. मॅनेजरला काय सांगू, एवढाच विचार केला. अकरा वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. समितीचा फोन आल्यावर मी वाढायला उभा राहतो म्हणालो, त्याचं खरं कारण हे. त्या मुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर असेल, इथेच गावात असेल. त्याचं नाव मी सांगणार नाही, जेवताना कुणी विचारू नये.

त्यानंतर मी मुलाखत घ्यायची पद्धत बदलली. पहिला प्रश्न आता "घरून किती वाजता निघालात?" असा असतो. त्याचं उत्तर सगळ्यांना येतं आणि आवाज मोकळा होतो. एखादा पहाटे तीनची गाडी पकडून आलाय हेही कळतं. गप्प बसलेल्याला मी विचारतो, कुठपर्यंत पोहोचलास ते सांग, कुठल्याही भाषेत सांग. शेजारी मराठी न कळणारा असेल तर मी त्याला भाषांतर करून सांगतो. तीन-चार सहकारी यावर कुरकुरले. एकानं विचारलं, अमेरिकेतल्या ग्राहकाशी हा मराठीत बोलणार का? प्रश्न चुकीचा नाही. पण इंग्रजी सहा महिन्यांत सुधारलेली मी डझनावारी मुलं पाहिली आहेत. विचार करायला सहा महिन्यांत शिकलेला अजून एकही भेटायचाय.

२०२० नंतर मुलाखती ऑनलाइन झाल्या. एकानं गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून मुलाखत दिली, नेटवर्क तिथेच होतं. वारा एवढा की मला निम्मं ऐकू येत नव्हतं, पण गडी ठाम होता. घेतला त्याला. वाईट गमतीही पाहिल्या. ओठ एकाचे हलताहेत आणि आवाज दुसऱ्याचा. आता तर यंत्राला प्रश्न घातला की ते उत्तर लिहून देतं आणि मुलं ते वाचतात. समोरच्याला कळत नाही असं त्यांना वाटतं. अहो, वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून ओळीवर सरकताना दिसतात! आणि "असं का?" एवढं दोनदा विचारलं की यंत्राचं उत्तर संपतं. तुमच्या मुलांना "माहीत नाही, पण असं करून बघेन" हे वाक्य न लाजता म्हणायला शिकवा. पॅनेलवरच्या माणसाचे कान त्या "पण"च्या पुढे काय येतं तिकडे असतात.

शेवटी कामाचं. आपल्या बॅचमधले आम्ही पाच जण, त्यात डोळे वटारणारी मैत्रीणही आहे, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी सरावाच्या मुलाखती घेणार आहोत. महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी दहा ते एक, शाळेच्या संगणक कक्षातून व्हिडिओवर. मुख्याध्यापकांनी किल्ली द्यायचं कबूल केलं आहे. इंजिनिअरिंगचाच मुलगा हवा असं नाही, बीएस्सी, बीकॉम, डिप्लोमा कुणीही चालेल. मराठीत सुरुवात केली तरी चालेल. नावं नोंदवायची वही बाहेर चपलांजवळच्या टेबलावर आहे. ज्याची बारावी ५९ टक्क्यांवर अडकली होती तो माझा खोलीतला मित्र आज खामगावला स्वतःचा क्लास चालवतो, तोही येणार आहे.

आणि सर, मघाशी चहाच्या वेळी तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, आठ गोळ्यांचं पोरांना घाल, तू हे सोडव: बारा गोळे, एक वेगळा, पण तो जड आहे का हलका तेही माहीत नाही, आणि तराजू तीनदाच. जेवणाच्या रांगेत उत्तर पाहिजे म्हणालात. मी भाषण देता देता मनात तेच करत होतो. चार-चार ठेवून चार बाहेर, इथपर्यंत आलोय. काटा मधोमध राहिला तर जमतंय. एक बाजू खाली गेली की अडतोय. जेवताना शेजारी बसा, वाट सांगतो.